मुरलेले तंत्र : हातातल्या गेमच्या बॅटरीचा इतिहास आणि एका जपानी वचनाचा अर्थ

अनुवादाच्या वर्गात दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने जपानी खेळणी-उद्योगावरील एक इंग्रजी लेख मराठीत आणला. त्यात ‘सुकलेल्या तंत्रज्ञानाचा पार्श्वीय विचार’ असा शब्दसमूह आला आणि वर्गात हशा पिकला. विद्यार्थ्याचा त्यात फारसा दोष नव्हता. त्याच्यासमोरच्या इंग्रजीतही तसेच काहीसे होते. परंतु ज्या मूळ जपानी वचनाची ही दुसऱ्या पिढीतील संतती, ते वचन हास्यास्पद तर नाहीच, उलट हाती धरून खेळावयाच्या विद्युत्‌यंत्रांच्या सबंध इतिहासाची किल्ली म्हणून ते आज वारंवार उद्धृत होत असते. ‘कारेता गिजुत्सु नो सुइहेइ शिको’ हे ते वचन. ते निंटेंडो या क्योतो येथील कंपनीतील अभियंता गुन्पेई योकोई यांचे. आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मुलाखतींच्या ग्रंथामुळे ते सर्वतोमुखी झाले.

प्रस्तुत निबंधात दोन गोष्टी तपासावयाच्या आहेत. पहिली, या वचनाचा अर्थ. दुसरी, त्या वचनाच्या आधारे जो इतिहास सांगितला जातो तो कितपत खरा. तो इतिहास थोडक्यात असा : निंटेंडोचा गेम बॉय दुबळा होता, पण त्याचे सेल पुष्कळ पुरत, प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे बलवान होती, पण त्यांचे सेल चटकन संपत, यास्तव दुबळा जिंकला व बलवान हरले. ससा-कासवाच्या गोष्टीशी असलेले याचे साम्य वाचकांच्या सहज ध्यानात येईल. ज्या इतिहासाचे बालगोष्टीशी इतके साम्य असते त्याविषयी अभ्यासकाने थोडे सावध असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रारंभी परिभाषेसंबंधी दोन शब्द. या यंत्रांस ‘करक्रीडायंत्र’ असे भारदस्त नाव देता येईल. पण ते दुकानात कोणास कळणार नाही. म्हणून ‘हातातला गेम’ हा बोलण्यातला शब्दच येथे वापरला आहे. अधिक अडचणीचा शब्द ‘कार्यक्षमता’ हा होय. यंत्र किती काम करते, आणि खर्चाच्या मानाने किती काम करते, या दोन्ही कल्पनांसाठी मराठीत आपण सर्रास ‘कार्यक्षमता’ म्हणतो. आपल्या विषयात तर या दोन कल्पना पुष्कळदा एकमेकींच्या विरोधात उभ्या असतात. यास्तव पहिलीस ‘ताकद’ व दुसरीस ‘काटकसर’ म्हणणे बरे. बॅटरीचेही तसेच. इंग्रजीत बॅटरीचे ‘आयुष्य’ म्हणतात. त्यात एका दमात ती किती तास चालते आणि किती वर्षांनी निकामी होते, हे दोन्ही अर्थ एकवटतात. मराठी बोलीने हा भेद उत्तम राखला आहे : सेल ‘पुरतात’, वस्तू ‘टिकते’. हा भेद आपणास पुढे उपयोगी पडेल.

आता वचनाकडे वळू. ‘कारेरु’ हे जपानी क्रियापद वनस्पती सुकण्याच्या अर्थी वापरले जाते हे खरे. परंतु त्याची अर्थकक्षा तेथे संपत नाही. वृद्ध नटाच्या अभिनयाविषयी किंवा सुलेखनकाराच्या हाताविषयी हेच क्रियापद योजले म्हणजे अनावश्यक झळाळी गळून जाऊन सत्त्व तेवढे उरले, असा गौरवाचा अर्थ निघतो. आणि जपानी अभियंत्यांच्या बोलीत ‘कारेता’ तंत्र म्हणजे जुनाट तंत्र नव्हे. दीर्घ वापराने ज्याचे सर्व दोष कळून दूर झाले आहेत, जे आता दगा देणार नाही आणि जे स्वस्त झाले आहे, असे तंत्र. इंग्रजी अनुवादाने ‘सुकलेले’ हा पहिला अर्थ उचलला आणि बाकीचे दोन वाटेत सांडले. मराठीस मात्र येथे दूर जावयाचे कारण नाही. लोणचे मुरते, गवईही मुरतो. ‘मुरलेले तंत्र’ म्हटले की काम झाले. (‘मुरब्बा’ आणि ‘मुरब्बी’ हे शब्द या ‘मुरणे’पासून आले असावेत असे अनेकांस वाटते, ते दोन्ही अरबी असून एकाच धातूपासून निघालेले आहेत. पण लोकांच्या कानाने त्यांना ‘मुरणे’च्या घरात आणून बसविले, हेही अर्थदृष्ट्या अयोग्य झाले असे म्हणवत नाही.)

‘सुइहेइ शिको’ हा भाग त्या मानाने सरळ आहे. एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ साली मांडलेल्या विचारपद्धतीच्या इंग्रजी नावाचा तो जपानी प्रतिशब्द. ‘सुइहेइ’ म्हणजे पाण्याच्या पातळीसारखे समतल. एका कामासाठी तयार झालेले तंत्र त्याच उंचीवरून दुसऱ्या कामाकडे सरकविणे, हा आशय. येथे मराठीत ‘आडवा विचार’ म्हणता येत नाही. आपल्याकडे आडवे येणारा मनुष्य हा विघ्नकर्ता. ‘मुरलेल्या तंत्राला वेगळी वाट देणे’ असा भावानुवाद प्रस्तुत लेखक सुचवू इच्छितो.

योकोई यांचा जन्म १९४१ चा, शिक्षण क्योतो येथील दोशिशा विद्यापीठात विद्युत्‌शाखेचे. १९६५ साली ते निंटेंडोत आले तेव्हा ती कंपनी प्रामुख्याने फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते छापीत असे, आणि तेथील यंत्रांची देखभाल हे त्यांचे काम होते. त्यांनी फावल्या वेळात केलेले एक लांबणारे पकडयंत्र १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ या नावाने बाजारात आले आणि त्यांचा मार्ग बदलला. ही हकिकत सर्वश्रुत आहे. तिच्यात अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

रेंगाळण्याजोगा विषय आहे तो पडद्याचा. १९७६ साली मॅटेल या अमेरिकन कंपनीने ‘ऑटो रेस’ हा हातातला गेम काढला. त्यात मोटारी म्हणजे लाल प्रकाशाचे लहान ठिपके होते. हे दिवे स्वतः प्रकाश देतात, आणि प्रकाश द्यावयाचा तर वीज मोजावी लागते. म्हणून आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घालावी लागे. १९७९ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीचा ‘मायक्रोव्हिजन’ आला. त्याचा पडदा द्रवस्फटिकांचा, म्हणजे ज्याला आपण एलसीडी म्हणतो तो होता. मात्र त्यावर आडवे सोळा व उभे सोळा एवढेच ठिपके होते. प्रोसेसर यंत्रात नसून बदलावयाच्या कार्ट्रिजमध्ये बसविलेला होता, ही त्याची विलक्षण रचना.

द्रवस्फटिक प्रकाश देत नाही. तो प्रकाशाची वाट अडवितो किंवा मोकळी करतो. विजेच्या दाबाने त्यातील रेणूंची दिशा बदलते, आणि या कामास जवळजवळ काहीच विद्युत्‌प्रवाह लागत नाही. हे तंत्र खेळण्यांसाठी मुरलेले नव्हते. ते मुरले गणकयंत्रांच्या बाजारात. जपानमध्ये सत्तरच्या दशकात शार्प व कॅसिओ यांच्यात खिशातल्या गणकयंत्रांची तीव्र चढाओढ झाली. शार्पचे १९७३ चे ईएल-८०५ हे एलसीडी पडद्याचे गणकयंत्र एका पेन्सिल सेलवर शंभर तास चाले. दशक संपेतो अशा पडद्यांची किंमत खाली आली होती. आगगाडीत एक नोकरदार गणकयंत्राच्या कळा दाबीत वेळ घालवीत असलेला योकोई यांनी पाहिला आणि त्यातून ‘गेम अँड वॉच’ ही मालिका सुचली, असे सांगतात. २८ एप्रिल १९८० रोजी तिचा पहिला गेम निघाला. बटणाएवढ्या सेलांवर तो चाले, खेळ नसेल तेव्हा घड्याळ दाखवी, आणि ते सेल महिनोन्‌महिने पुरत. या मालिकेची एकूण ४ कोटी ३४ लाख यंत्रे विकली गेली. योकोई यांच्या वचनाचे निर्मळ उदाहरण पाहावयाचे तर ते हेच. गेम बॉय नव्हे.

गेम बॉय जपानात २१ एप्रिल १९८९ रोजी आला. किंमत १२,५०० येन. पडदा आडवा १६० व उभा १४४ ठिपक्यांचा, चार छटांचा, हिरवट. मागे दिवा नाही. चार पेन्सिल सेल. ते किती तास पुरत याविषयी ग्रंथकारांत एकमत नाही. कोणी पंधरा तास म्हणतो, कोणी तीस वा त्याहूनही अधिक. असे भिन्न आकडे पाहून सामान्य वाचक गोंधळतो, आणि लेखक बहुधा आपल्या प्रतिपादनास सोयीचा आकडा उचलतात. वस्तुतः हा हिशेब घरी बसूनही करता येतो. यंत्राच्या पाठीवर ०.७ वॉट असा खर्च छापलेला आहे. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमधून सावकाश वीज घेतली तर सुमारे तीन वॉट-तास ऊर्जा मिळते. चार सेलांचे बारा. बारास ०.७ ने भागिले तर सतरा तास येतात. पाठीवरचा आकडा हा कमाल खर्चाचा. आवाज बंद ठेवून साधा खेळ खेळणाऱ्याचा खर्च त्याहून कमी, म्हणून त्याचे तास वाढतात. साधे जस्त-कार्बन सेल घातले तर तास घटतात. सारांश, भांडणारे दोन्ही पक्ष खरे बोलत आहेत. त्यांनी सेल व खेळ कोणता ते सांगितले नाही, एवढेच.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत अटारी कंपनीने ‘लिंक्स’ आणला. एपिक्स कंपनीत आर. जे. मायकल आणि डेव्ह नीडल यांनी तो रचिला होता. रंगीत पडदा, मागे दिवा, सहा पेन्सिल सेल, चार-पाच तास. पुढील वर्षी ऑक्टोबरात सेगाचा ‘गेम गियर’ जपानात आला : पुन्हा रंगीत पडदा, मागे दिवा, सहा सेल, आणि तीन ते पाच तास. डिसेंबर १९९० मध्ये एनईसीचा ‘पीसी इंजिन जीटी’ आला. त्याचे सहा सेल तीन तासांच्या आसपास पुरत. १९९५ च्या सेगा ‘नोमॅड’मध्ये दोन-तीन तासांवर मजल जात नसे.

येथे आपण त्या प्रचलित कथेस थांबवून विचारले पाहिजे : ही यंत्रे वीज कशावर खर्च करीत होती? ‘ताकदीवर’ हे नेहमीचे उत्तर. परंतु गेम गियरचा प्रोसेसर झेड-८० जातीचा, ३.५८ मेगाहर्ट्‌झचा, आणि दुबळ्या म्हटल्या गेलेल्या गेम बॉयचा शार्पने घडविलेला प्रोसेसर त्याच कुळातला, ४.१९ मेगाहर्ट्‌झचा! डोक्याच्या ताकदीत या दोघांत सांगण्याजोगे अंतर नव्हते. अंतर होते ते पडद्यामागच्या दिव्यात. त्या काळी हा दिवा म्हणजे आपल्या घरातील ट्यूबलाइटचीच एक बोटभर लांबीची बहीण असे, आणि तिला चेतविण्यासाठी सेलांचा अल्प दाब वाढवून शेकडो व्होल्टांवर न्यावा लागे. त्या वाढविण्यातही ऊर्जा वाया जाई. गेम गियरचा खर्च तीन वॉटांच्या आसपास. सहा सेलांचे कागदावरचे अठरा वॉट-तास घेतले तर सहा तास यावयास हवेत. पण सेलाचा स्वभाव असा की त्यातून घाईने वीज ओढली तर तो एकंदरीतच कमी देतो. विहिरीचा उपसा वाढवावा आणि झऱ्याने साथ देऊ नये, तसे ते होते. म्हणून सहाचे चार होतात.

तेव्हा १९८९ ते १९९५ या काळातील झगडा ताकद विरुद्ध बॅटरी असा नव्हता. तो उजेड विरुद्ध बॅटरी असा होता. प्रस्तुत निबंधाचा मुख्य मुद्दा हाच. यास स्वतंत्र पुरावाही आहे, आणि तो दैवाने असा मिळाला आहे की प्रयोगशाळेतही याहून नेटका मिळणार नाही. एप्रिल १९९८ मध्ये निंटेंडोने केवळ जपानसाठी ‘गेम बॉय लाइट’ काढला. त्यात दिवा लावता-मालविता येई. यंत्र तेच, खेळ तोच, दोन पेन्सिल सेल तेच : दिवा मालविला असता सुमारे वीस तास, लावला असता सुमारे बारा. आणि हा दिवा तर ट्यूबसारखा खर्चिक नव्हता. २००३ च्या ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी’चेही तसेच : दिवा बंद असता अठरा तास, चालू असता दहा. लिंक्सच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत दिवा मालविण्याची कळ बसविण्यात आली होती. खर्चाचे मूळ कोठे आहे ते त्या अभियंत्यांस पक्के ठाऊक होते; ते विसरले इतिहासकार.

उलट बाजूचा पुरावाही तितकाच बोलका आहे. योकोई यांनी १९९६ साली निंटेंडो सोडून स्वतःची ‘कोतो’ ही संस्था काढली आणि बंदाई कंपनीसाठी ‘वंडरस्वान’ या यंत्राच्या रचनेत भाग घेतला. ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. यंत्र मार्च १९९९ मध्ये आले. त्याचा प्रोसेसर सोळा बिटांचा, म्हणजे गेम बॉयच्या एक पिढी पुढचा. पडदा मात्र काळा-पांढरा व बिनदिव्याचा. आणि हे सारे एकाच पेन्सिल सेलवर तीस तासांच्या घरात चाले. ताकद वाढूनही भूक घटली. कारण उजेड नव्हता. याच योकोई यांनी १९९५ साली ‘व्हर्चुअल बॉय’ नावाचे लाल दिव्यांच्या पडद्याचे, सहा सेल काही तासांत फस्त करणारे आणि बाजारात सपशेल पडलेले यंत्रही रचिले होते, हे त्यांच्या भक्तमंडळींनी दृष्टीआड करू नये.

मग गेम बॉय जिंकला तो सेलांमुळे की नाही? केवळ सेलांमुळे नाही. अमेरिकेत तो ८९ डॉलर ९५ सेंटांस मिळे. लिंक्स त्याच्या दुप्पट किमतीस. गेम गियर १४९ डॉलर ९९ सेंटांस. त्याच्यासोबत अमेरिकेत व युरोपात ‘टेट्रिस’ दिला जाई, आणि मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्‌नोव यांचा हा खेळ असा की त्यास रंगाची गरज नाही, कथेची नाही, भाषेची तर नाहीच. तथापि सेलांचा प्रश्न किमतीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. मुलाच्या हाती यंत्र एकदाच येते. सेल मात्र पुनःपुन्हा मागावे लागतात, आणि तेही वडिलांकडे. चार-चार तासांनी सहा सेल मागणारे खेळणे कोणत्या घरात फार दिवस गोड वाटेल? पुष्कळांनी मग ते तारेने भिंतीतल्या प्लगला जोडून खेळावयास सुरुवात केली, म्हणजे हातातला गेम हातातला राहिलाच नाही. सेगाने गेम गियरची एक कोटीहून थोडी अधिक यंत्रे विकली, हे अपयश नव्हे. पण गेम बॉय व त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक खपली.

यातले बहुतेक काही महाराष्ट्रात त्या काळी पोहोचले नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात आला तो ‘ब्रिक गेम’ : टेट्रिसची स्वस्त नक्कल, अंगावर ‘९९९९ इन १’ असा निःसंकोच दावा, बिनदिव्याचा करडा पडदा आणि दोन पेन्सिल सेल. जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात, स्टेशनबाहेरच्या पथारीवर तो मिळे. त्या यंत्राचा जनक अज्ञात असला तरी योकोई यांच्या वचनाचा याहून कडवा अनुयायी दुसरा नसेल. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी सेल मंदावले की ते उन्हात वाळत घालण्याची रीत होती, आणि तासाभराने खेळ पुन्हा दहा-पंधरा मिनिटे चाले. यात अंधश्रद्धा नव्हती. उष्णतेने सेलातील रासायनिक क्रियेस थोडी गती येते आणि उरलेसुरले बाहेर पडते. भाषिकदृष्ट्या लक्षणीय असे की त्या काळी आपल्या बोलीत ‘सेल’ आणि ‘बॅटरी’ हे शब्द एकमेकांच्या जागी येत नसत. खेडोपाडी ‘बॅटरी’ म्हणजे हातातला टॉर्च, आणि तिच्यात घालावयाचे ते ‘सेल’. म्हणून ‘गेमची बॅटरी’ हा प्रयोग त्या पिढीच्या कानास विचित्रच वाटला असता.

उजेडाचा प्रश्न २००० नंतर हळूहळू सुटला. पांढऱ्या प्रकाशाचे छोटे एलईडी स्वस्त झाले, आणि पुनःपुन्हा भरता येणारी लिथियमची बॅटरी आली. गेम बॉय मालिकेत एसपी हे तिच्यावर चालणारे पहिले यंत्र. सुमारे तीन तासांत ती पूर्ण भरे. येथून मात्र ती ताकद विरुद्ध बॅटरीची लढाई, जी लोक १९८९ पासून चालू आहे असे समजतात, खरोखर सुरू झाली.

तिचा आरंभ १२ डिसेंबर २००४ या दिवशी मानावयास हरकत नाही. त्या दिवशी सोनीचा ‘पीएसपी’ जपानात विक्रीस आला. त्याचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्‌झने धावू शकत होता. पण खेळ रचणाऱ्यांस सोनीने २२२ पर्यंतच जाऊ दिले. घोडा घ्यावयाचा आणि त्यास दुडक्या चालीनेच न्यावयाचे! कारण असे की प्रोसेसरचा खर्च त्याच्या गतीच्या प्रमाणात आणि त्यास दिलेल्या विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गती वाढविण्यासाठी बहुधा दाबही वाढवावा लागतो, म्हणून दीडपट गतीचा खर्च दीडपटीवर थांबत नाही. शिवाय या यंत्रात खेळाची तबकडी फिरविणारी मोटर होती. १८०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी चार ते सहा तास पुरे. २००७ साली सोनीने यंत्राच्या अंतर्गत प्रणालीत बदल करून ३३३ ची मोकळीक दिली. त्याच वर्षीच्या सडपातळ आवृत्तीत बॅटरी १२०० वर आणिली, पण स्मृती दुप्पट केली. तबकडीवरील मजकूर तीत साठवून ठेवला म्हणजे मोटर कमी फिरे. हा काटकसरीचा उत्तम नमुना होय. त्याच काळच्या निंटेंडो डीएसचे प्रोसेसर ६७ व ३३ मेगाहर्ट्‌झचे होते, आणि तो १५ कोटी ४० लाख खपला. पीएसपी आठ कोटींच्या घरात. आकडे पाहून पुन्हा ससा-कासवाची गोष्ट आठवेल, पण दोन पडदे व स्पर्शाने चालणारा खेळ यांचा त्यात मोठा वाटा होता.

यानंतरची प्रगती खेळ रचणाऱ्यांच्या हातून निसटून चिप घडविणाऱ्यांच्या हाती गेली. मार्च २०१७ मध्ये आलेला निंटेंडो ‘स्विच’ खेळानुसार अडीच ते साडेसहा तास चाले. ‘झेल्डा’ मालिकेतील त्यावरचा प्रसिद्ध खेळ सुमारे तीन तास. २०१९ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. बॅटरी तीच, ४३१० मिलिअँपिअर-तासांची, ताकद तीच, पण तोच खेळ आता सुमारे साडेपाच तास चाले. चिप अधिक सूक्ष्म पद्धतीने घडविली गेली होती, एवढाच फरक. व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम डेक’ने २०२२ साली निराळाच मार्ग धरिला : निवड खेळणाऱ्यावर सोपविली. चित्रे दर सेकंदास किती काढावयाची, प्रोसेसरने किती वॉट खावयाचे, हे तोच ठरवितो. आणि त्याप्रमाणे ४० वॉट-तासांची बॅटरी दोन तासांत संपते किंवा आठ तास पुरते. जी काटकसर योकोई यांनी कारखान्यात केली, ती आता खेळणारा घरी करतो. ५ जून २०२५ रोजी आलेल्या ‘स्विच २’ची बॅटरी ५२२० मिलिअँपिअर-तासांची, पण काळ दोन ते साडेसहा तास. म्हणजे बॅटरी मोठी झाली आणि वेळ २०१७ च्या जागी परत आला.

आता ‘पुरणे’ व ‘टिकणे’ यांच्या भेदाकडे. लिथियमच्या बॅटरीस वय असते. वापरली तरी ती म्हातारी होते आणि न वापरली तरी होते. पीएसपीच्या जुन्या बॅटऱ्या फुगून पाठीचे झाकण उचलतात, हे संग्राहकांस परिचित आहे. पेन्सिल सेलाचा आकार मात्र १९८९ पासून बदललेला नाही, म्हणून त्या वर्षीचा गेम बॉय कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातील सेलांवर आजही चालतो. याचा अर्थ जुने ते सोने असा नव्हे. विसरलेले सेल गळतात, आणि त्यांतील क्षार तांब्याच्या पट्ट्या खाऊन टाकतो.

बोलीनेही या स्थित्यंतराची नोंद घेतली आहे. पूर्वी ‘सेल संपले’ असे आपण बहुवचनी, मोजता येण्याजोग्या वस्तूविषयी म्हणत असू. आजचे मूल ‘चार्जिंग संपले’ असे एकवचनी, नपुंसकलिंगी बोलते. क्रियेचे नाव तिने भरलेल्या द्रव्यास दिले गेले आहे. इंग्रजीत या शब्दास हा अर्थ नाही; तो आपला, देशी आहे. कोशकारांनी तो अद्याप स्वतंत्र अर्थ म्हणून घेतला नसेल तर घ्यावा.

त्या विद्यार्थ्याच्या मसुद्यात शेवटी ‘मुरलेले तंत्र’ असाच शब्द ठेवण्यात आला. प्रस्तुत लेखकाच्या घरी माळ्यावर ब्रिक गेम सापडला तो या निबंधाच्या तयारीत. सेलच्या खणात पांढरा थर साचला होता. व्हिनेगरच्या बोळ्याने पट्ट्या पुसून दोन नवे सेल घातले. एका पट्टीचा स्पर्श नीट होत नव्हता, तेथे सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागदाची घडी घालावी लागली. पडद्याच्या उजव्या कडेची एक उभी ओळ आता उमटत नाही. बाकी खेळ चालतो.